बारवेला ऑइलपेंट नको

ग्रुप : वाड्यावरची मंडळी
रविवार

मी (६.४२)
आपली बारव, पायऱ्यांची जुनी विहीर, साफ करायचा आजचा चौथा रविवार. फोटो टाकलेत, निवांत बघा सगळ्यांनी. उत्तरेच्या बाजूच्या अकरा पायऱ्या मोकळ्या झाल्या. मागच्या आठवड्यापर्यंत जिथं नुसती वेडी बाभूळ होती, तिथं आता देवकोष्ठ, म्हणजे देवाचा कोनाडा, दिसतोय. आज तेवीस जण होते, त्यात शाळेतली सात पोरं. गाळातून निर्माल्य, फुटक्या तसबिरी, खताच्या गोण्या आणि दोन पोती बाटल्या निघाल्या.
शेवटचा फोटो मुद्दाम जवळून काढलाय. काठाच्या दगडाला ज्या खाचा आहेत ना, त्या छिन्नीच्या नाहीत, दोराच्या आहेत. माझी दोन बोटं आत बसली.

मुंबईची आत्या (६.५५)
अरे, त्याच खाचेशेजारी मी घागर टेकवायचे! किती वर्षांनी बघितला तो दगड. डोळे भरून आले.

बाळूदादा (७.०१)
लई भारी काम करायलात. पुढच्या रविवारी परभणीहून येतो. टिकाव, पहार आणू का?

मी (७.०३)
ये दादा, पण टिकाव नको. पायरीजवळ टिकाव चालवला की दगडाची कड उडते. खुरपी, घमेली आणि सोल (जाड दोर) आण.

अण्णाकाका (७.२०)
शाब्बास पोरांनो. माझ्याकडून ५१,००० रुपये धरा. आता अर्धवट नका सोडू. फटी सिमेंटनं भरून घ्या, वरून ऑइलपेंट, काठाला टाइल्स आणि दर्शनी बाजूला आबांच्या नावाची संगमरवरी पाटी. गुत्तेदार माझ्या ओळखीचा आहे, पंधरा दिवसांत चकाचक करून देतो.

धाकटी काकू (७.२२)
वा, छान कल्पना. पांढरा आणि भगवा रंग द्या.

मी (७.५८)
काका, आधी पाया पडतो. गावाबाहेर राहून तुम्ही पहिली हाक दिलीत. पण सिमेंट आणि रंगाला माझा नकार आहे. मोकळेपणानं लिहितो, रागवू नका.
आपली बारव काळ्या पाषाणाची. दगडावर दगड तासून बसवलाय, सांध्यात चुना नाही. पावसाळ्यात मागच्या मातीत पाणी मुरतं आणि त्या सांध्यांमधून पाझरून आत उतरतं. तीच तिची वाट. सिमेंटनं ती बुजवली की पाणी भिंतीच्या मागं साचतं आणि भिंत आत ढकलू लागतं. ऑइलपेंटचंही तसंच. दगडातला ओलावा बाहेर पडत नाही, दोन-चार वर्षांत रंगाचे पापुद्रे सुटतात आणि सुटताना दगडाचा वरचा थर, त्यावरची नक्षी सोबत नेतात. पुन्हा रंग काढायला गेलं तर घासून उरलंसुरलंही जातं.

अण्णाकाका (८.०५)
पण शेजारच्या गावी केलंच की सिमेंट. मी स्वतः बघितलंय, मजबूत दिसतं.

मी (८.११)
तीच बारव मी पावसाळा संपल्यावर बघून आलो, काका. पश्चिमेच्या भिंतीला पोट आलंय. सिमेंट जागच्या जागी आहे, त्याच्या शेजारचे जुने दगड पुढे सरकलेत. तिथले म्हातारे बाबा म्हणाले, "इतकी वर्षं काही झालं नव्हतं." फोटो तुम्हाला वेगळे पाठवतो.

बाळूदादा (८.१४)
मग पिंपळाचं काय करायचं? त्याच्या मुळ्या भिंतीत घुसल्यात. ओढून काढू.

मी (८.१९)
ओढायचा नाही. मुळी ओढली की तिनं धरलेला दगडही येतो हातात. सध्या फांद्या कापून भार कमी केलाय. मूळ कसं मारायचं ते जाणकाराला विचारूनच. आणि पाणी उपसायचं तेही एका दिवसात नाही. आतलं पाणी भिंतींना आधार देतं. ते झटक्यात काढलं तर मागच्या ओल्या मातीचा दाब एकदम येतो. हातभर उतरवायचं, दोन दिवस थांबायचं, भिंत बघायची, मग पुढं. सगळ्यात खालच्या आडात कुणीही उतरणार नाही, कितीही हौस असली तरी. कुजक्या गाळात विषारी वायू असतो.

पिंकी (८.३०)
दादा, मी आर्किटेक्चरला आहे म्हणून विचारते. उतरायला तोंडं किती आहेत?

मी (८.३२)
दोन. उत्तरेला आणि दक्षिणेला.

पिंकी (८.३६)
मग ही भद्रा! शिल्पग्रंथांत एका तोंडाची ती नंदा, दोन तोंडांची भद्रा, तीन तोंडांची जया, चार तोंडांची विजया. सुट्टीत मी टेप घेऊन येते, पायरी न् पायरी मोजून नकाशा काढू. काही हलवायच्या आधी नकाशा हवाच.

मी (८.३८)
पिंकी, ये बाई, नक्की ये. हेच काम अडलं होतं.

मुंबईची आत्या (८.४१)
बारव अहिल्याबाईंनी बांधली असं आबा सांगायचे. ते पाटीवर लिहा.

मी (८.४७)
आत्या, अहिल्याबाईंनी ठिकठिकाणी बारवा आणि घाट बांधले, म्हणून आपल्याकडं प्रत्येक जुन्या बारवेला त्यांचं नाव जोडतात. साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारा मोटेच्या विहिरीवर शिलालेख आहे. म्हणून तिथं ठामपणे म्हणता येतं की ती वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ मध्ये बांधून घेतली. आपल्याकडं अजून एक अक्षर सापडलेलं नाही. शिलालेख निघाला तर पाटी मी स्वतःच्या खर्चानं लावीन. तोवर आबांची आठवण म्हणून लिहून ठेवू, पाटीवर नको.

चिंटू (८.५५)
दादा, मला सापडलेल्या त्या दोन तांब्याच्या नाण्यांचं काय झालं? एक मला ठेवायला द्या ना.

मी (८.५९)
नाही रे राजा. जमिनीत सापडलेलं असं काही स्वतःकडं ठेवता येत नाही. १८७८ पासून निखात निधीचा कायदा आहे, त्याप्रमाणे सरकारला कळवावं लागतं. सरपंच आणि तलाठ्यांसमोर पंचनामा करून नाणी तहसीलला दिली. तू शोधलीस म्हणून पंचनाम्यात तुझं नाव आहे. त्याची झेरॉक्स तुला देतो.

वहिनी (९.१०)
आजी बोलल्या ते मी टाइप करते, त्यांच्याच शब्दांत :
"बहात्तरच्या दुष्काळात गावातले आड आटले, पण बारवेला पाणी होतं. आम्ही पहाटे चारला जायचो. खाली उतरायच्या आधी साती आसरांपुढं, त्या पाण्याच्या देवींपुढं, हळदकुंकू वाहायचं, मग पाय ठेवायचा. बाळंतीण पहिल्यांदा पाण्याला निघाली की ओटी तिथंच भरायची. माझीही तिथंच भरली. त्या आसरा कोनाड्यात आहेत, गाळात गेल्या असतील. त्यांचा शेंदूर खरवडू नका. आणि रंग कशाला? दगड आहे तो, दगडच राहू द्या."

मी (९.१४)
आजी, आसरा सापडल्या. पूर्वेच्या कोनाड्यात, सातही. शेंदराला कुणी हात लावलेला नाही आणि लावणारही नाही.

अण्णाकाका (९.३१)
आईनंच सांगितलं म्हटल्यावर मी काय बोलू. ५१,००० दिलेच म्हणून समज. पण कशाला लावायचे ते तू सांग.

मी (९.४४)
काका, पैसा लागणारच आहे. गाळ उचलायला ट्रॅक्टर, पाणी हळूहळू उतरवायला मोटारीचं भाडं, पोरांना हातमोजे आणि गमबूट. काठाला कुंपण हवं, पण ते काठावर खड्डे पाडून नाही, चार हात मागं. लहान मुलं येतात, त्यांची काळजी पहिली. गाळ शेतकऱ्यांनी मागितलाय. चाळून काही सापडत नाही ना ते बघायचं आणि मगच द्यायचा.
दुरुस्तीचं मात्र आपण काहीच ठरवायचं नाही. ग्रामपंचायतीचा ठराव झालाय, तो जोडून पुरातत्त्व खात्याच्या नांदेड कार्यालयाला पत्र दिलंय. त्यांचा माणूस बघून जाईपर्यंत आपलं काम गाळ, झुडपं आणि कचरा एवढंच. सेलू तालुक्यात वालूरची चक्राकार बारव गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली. तिथल्यासारखं जमलं तरी पुष्कळ.

मुंबईची आत्या (९.५०)
महाशिवरात्रीला दिवे लावणार का? बारव मोहिमेवाल्यांचे फोटो बघितलेत मी, पायरीपायरीवर पणत्या.

मी (९.५३)
लावायचेत. फक्त प्रत्येक पणतीखाली मातीची ताटली हवी. दगडावर तेल सांडलं की डाग जात नाही. कुंभारवाड्यात तीनशे पणत्या आणि तीनशे ताटल्या सांगून ठेवल्यात.

मुंबईची आत्या (९.५५)
त्यांचे पैसे माझे. आणि मी येतेय. आसरांसाठी हिरवे खण आणि सात नारळ घेऊन.

वहिनी (१०.०२)
आजी विचारताहेत, त्यांना खुर्चीवर बसवून काठापर्यंत नेता येईल का?

बाळूदादा (१०.०४)
मी आणि चिंटू उचलून नेतो. आत्या, आजीचं लुगडंही हिरवंच आण.