मदत हवी आहे: पाळीव उंदरांच्या मानेवर खपल्या, माइट्स (अंगावरचे बारीक किडे) आहेत की पावसाळ्याचा दमटपणा?

लालबागवाली:
मंडळी, "उंदीर? आणि ते पण पाळलेत??" हे घरात, चाळीत, मंडळात सगळीकडे ऐकून झालंय, ते सोडून काहीही लिहा.

शेव आणि पापडी, दोघी माद्या, वय साधारण वर्षभर. पाऊस सुरू झाल्यापासून पापडी सारखी मागच्या पायाने मान आणि खांदे खाजवतेय, झोपेतून उठून खाजवते. फुंकर मारून केस बाजूला केले की खसखशीएवढ्या तपकिरी खपल्या दिसतात, बोटाला खरखरीत लागतात, एकदोन जागी ताजं ओरबाडलेलं. टक्कल नाही, कान-नाक-शेपूट स्वच्छ, खाणं मस्त, शिंका नाहीत. फक्त सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात लाल काहीतरी सुकलेलं असतं, रक्त आहे का ते? शेवनेही आता थोडं सुरू केलंय.

खाली लाकडाचा भुसा घालते, क्रॉफर्ड मार्केटमधनं आणते, कुठल्या झाडाचा ते दुकानदारालाही माहीत नसतं आणि सध्या गोणीच दमट येते. जवळचे डॉक्टर फक्त कुत्री-मांजरी बघतात, त्यांनी सरळ सांगितलं की उंदराचा अनुभव नाही, ते एक बरं केलं. सासूबाई म्हणतात कडुनिंबाचं तेल चोळ, शेजारच्या काकू म्हणतात खोबरेलात कापूर. त्यात सासूबाईंच्याच पोटऱ्यांवर बारीक लाल पुरळ उठलंय आणि खापर अर्थातच या दोघींवर. घरात लहान मुलगा आहे त्यामुळे मलाही टेन्शन आलंय, नवरा तटस्थ.

उंदीरमामी:
कापूर अजिबात नको! अंगाला जे लावाल ते चाटून पोटात जातं आणि उंदराला उलटी करताच येत नाही, आत गेलेलं बाहेर यायचा रस्ता नाही. कडुनिंब, टी ट्री, सगळ्या तेलांना तोच न्याय. आंघोळपण घालू नका.

वर्णनावरून फर माइट्स वाटतात, मान आणि खांदे ही त्यांची ठरलेली जागा. कान-शेपटीवर जाड कवच आलं असतं तर खरजेचे किडे म्हटले असते, ते वेगळे. फर माइट्स नुसत्या डोळ्याने दिसत नाहीत म्हणून लोक म्हणतात काही नाहीये. डॉक्टर आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन देतात, अंड्यांवर चालत नाही म्हणून साधारण दोन आठवड्यांनी परत द्यावं लागतं, आणि पिंजऱ्यातल्या सगळ्यांना, शेवलापण. पण मेडिकलमधनं कुत्र्याचं औषध आणून अंदाजे थेंब टाकू नका प्लीज, मादी भरते तीनेकशे ग्रॅम, अंदाज चुकला की संपलं.

डोळ्याचं लाल रक्त नाही, पॉर्फिरिन म्हणतात, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येतं. नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली गुलाबी चमकतं, बघा गंमत. थोडं चालतं, वाढलं तर समजायचं जीवाला त्रास आहे.

भुसा बंद करा. पाइन, देवदाराच्या वासाने श्वासाचे त्रास होतात, कागदाचं बेडिंग किंवा जुने सुती कपडे घाला. मागची नखं टोकाला किंचित कापून घेतलीत तर ओरबाडणं कमी होईल.

निवांत_बसलोय:
बाप्पाचं वाहन सर्व्हिसिंगला काढलंय म्हणा की 😄

कोपरखळी:
उंदीरमामींचं बरोबर आहे पण सासूबाईंचं पुरळ सोडून देऊ नका. फर माइट्स माणसावर घर करत नाहीत. माणसाला चावणारे वेगळे असतात, बाहेरच्या उंदरांवरून येतात, दिवसा पिंजऱ्याच्या फटीत आणि भिंतीच्या भेगांत लपतात, रात्री येऊन रक्त पितात. तळमजला आहे का? घुशी फिरतात? रात्री पिंजऱ्याखाली पांढरा रुमाल अंथरा, पहाटे लाइट लावून बघा.

लालबागवाली:
तळमजलाच, आणि मोरीमागे घुशींचं साम्राज्य. रुमालावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके होते, चालत होते, एक चिरडला तर लाल. सासूबाई जिंकल्या. आता पेस्ट कंट्रोल बोलवू का?

कोपरखळी:
म्हणजे सासूबाईंची खाज बाहेरच्या उंदरांवरच्या किड्यांचीच होती तर. बोलवा, पण त्या दोघींना आधी दुसऱ्या घरी हलवा, औषध पूर्ण सुकून हवा खेळल्याशिवाय परत आणू नका. पिंजऱ्यातलं लाकडी सामान फेकून द्या, लोखंडी जाळी उकळत्या पाण्याने धुवा, सांधे ब्रशने घासा. बेडिंग रोज बदला, जुनं पिशवीत बांधून थेट कचऱ्यात. मोरीकडचं बीळ बुजवलं नाहीत तर पुढच्या महिन्यात परत इथेच भेटू, शिवाय पावसाळ्यात लेप्टोच्या तापाची भीती आहेच, बाहेरच्या उंदरांचं मूत पिंजऱ्याच्या खाण्यापाण्यापर्यंत जाता कामा नये. सासूबाईंना स्किनच्या डॉक्टरकडे न्या आणि घरात उंदीर आहेत हे स्पष्ट सांगा.

उंदीरमामी:
आणि या दोघींसाठी परळला बैलघोडा हॉस्पिटल तुम्हाला चालत्या अंतरावर, आधी फोन करून लहान प्राणी बघणारे डॉक्टर कधी असतात ते विचारा. दोघींना एकाच डब्यात न्या, एकटं पडलं की घाबरतात, आणि काकडीचा तुकडा टाका, पाण्याची बाटली वाटेत सांडते.

लालबागवाली:
फोन करते उद्या सकाळी. नवऱ्याला बीळ बुजवायला सिमेंट आणायला पाठवलंय, तटस्थपणा संपला त्याचा.