मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर खरा चालणारा वजनकाटा: हौस की उपद्व्याप?

रूळवेडा:
यार्डात मालडबे तोलणारा काटा बसवतोय. डबाभर लांबीचा रूळ दोन्हीकडून कापून सुटा केला, खाली लोडसेल (भार मोजणारा सेन्सर), त्याचा संकेत आकड्यात आणणारी एचएक्स७११ चिप आणि आर्डुइनो हा छोटा कंट्रोलर. डबा थांबला की काटाघराशेजारच्या इवल्या पडद्यावर आकडा उमटतो. यामुळे शंटिंगला काम मिळतं: डबा सोडा, तोला, परत जोडा. नुसतं काटाघराचं खोपटं मांडून काय मिळतं?

तिरकस सांधा:
पण काटा तोलणार काय? एचओचे (१:८७ प्रमाणाचे) डबे आपण एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीने जड करतो: १ औंस, वर लांबीच्या दर इंचाला अर्धा. म्हणजे ६ इंची डबा ४ औंस, ११३ ग्रॅम, रिकामा असो वा भरलेला. वरचा कोळसा म्हणजे काळा रंगवलेला फोम, फार तर दोन ग्रॅम. काटा इमानदारीत सांगणार की माल नाहीच! त्यापेक्षा वेबिलवर, म्हणजे डब्याच्या मालाच्या चिठ्ठीवर, लिहिलेला आकडा बरा.

रूळवेडा:
११३ ग्रॅमला ८७च्या घनाने गुणा. ७४ टन होतात, भरलेल्या डब्याला शोभतील असे. फोमखाली शिसं घालतोय: डबा ४५, माल ६८. माल उचलला की डबा खरंच रिकामा.

तिरकस सांधा:
तो ४५ ग्रॅमचा डबा लांब गाडीच्या मधे घाला आणि वळणावर ओढा, मग बोलू. माझी अख्खी रांग आतल्या बाजूला कलंडली होती, याच हौसेपायी.

चाकाखाली:
तुमचं चालू द्या. मला छळलं ते तारेने. काट्यावरच्या रुळाला वीज देणारी तार जाड होती, तीच थोडा भार पेलायची. तोच डबा एकदा १०४, एकदा १०९. केसासारखी बारीक तार सैल वेटोळं घालून जोडली तेव्हा आकडा ठरला. आणि इंजिन काट्यावर नेऊ नका. अमेरिकेत खऱ्या काट्यांवर बऱ्याच ठिकाणी लागूनच दुसरे रूळ असायचे, इंजिनाचा भार काट्यावर येऊ नये म्हणून. लेआउटवर नुसते दिसायलाही झकास.

रूळवेडा:
तार आजच बदलतो. रिकामे डबे गाडीच्या शेपटीला लावेन.

तिरकस सांधा:
शेपटीला चालतील, कबूल. पण मग गाडी कशी लागायची ते तुमचा काटा ठरवणार.

रूळवेडा:
खऱ्या यार्डातही जड-हलकं बघूनच लावतात की.