विषय: सहलीचं जेवण – डेली सिटीचा फिलिपिनो ट्रक

प्रेषक: सोनल

नमस्कार मंडळी,

यंदाच्या सहलीला जेवण फिलिपिनो फूड ट्रककडून मागवावं असं समितीत चाललंय. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डेली सिटीत ज्यांचं छोटं रेस्टॉरंट आहे, त्यांचाच हा ट्रक. मुलं त्यांच्या सिसिग बरिटोवर (डुकराचं मांस आणि भात गुंडाळलेली मेक्सिकन पोळी) तुटून पडतात, ट्रक मैदानापर्यंत येतो आणि भावही परवडतो. अडचण एवढीच, की आपल्यातली बरीच घरं डुक्कर-गोमांस खात नाहीत आणि काही तर पूर्ण शाकाहारी आहेत. त्यांनी काय खायचं? माई, तुम्ही तिथे नेहमी जाता. जरा सांगाल का?

सोनल

---

प्रेषक: माई

प्रिय सोनल,

ट्रकला जरूर बोलवा. मात्र बरिटो खाऊन "फिलिपिनो जेवण झालं" असं कोणी समजू नये, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी सगळी नोकरी रुग्णालयात गेली आणि रात्रपाळीला बरोबरीच्या बहुतेक नर्स फिलिपिनो असायच्या. १९४८ च्या एक्सचेंज व्हिजिटर प्रोग्रॅमपासून, म्हणजे परदेशी लोकांना शिकायला-काम करायला तात्पुरतं बोलावणाऱ्या योजनेपासून, त्या अमेरिकेत येऊ लागल्या आणि १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर त्यांचा ओघ खूप वाढला. आपली जुनी मंडळीही त्याच कायद्यामुळे इथे आली. पहाटे तीनला डबे उघडायचे, माझी पोळीभाजी त्यांच्याकडे जायची आणि त्यांचा भात-आडोबो (व्हिनेगर आणि सोया सॉसमध्ये शिजवलेलं मांस) माझ्याकडे यायचा. हे जेवण मी असं शिकले.

ट्रकवर काय मिळतं ते जागेवर ठरतं. तव्यावर पटकन होईल ते मिळतं: सिसिग, लुंपिया (सारण भरून तळलेले रोल), लसणाच्या भातावर अंडं आणि मांस. सिसिग मूळचं पांपांगा प्रांतातलं. आंजेलेस शहरात लुसिया कुनानन, म्हणजे सगळ्यांची आलिंग लुसिंग, हिने १९७० च्या दशकात ते तापलेल्या लोखंडी थाळीवर चरचरत वाढलं आणि गाजवलं. डुकराचे कान आणि गाल आधी उकडायचे, मग निखाऱ्यावर भाजायचे, बारीक चिरायचे, वर कांदा, मिरची आणि कालामान्सी लिंबू. कानाचा तो कुरकुरीतपणा बरिटोत भात-चीजखाली दबून जातो. ज्यांना चालतं त्यांनी ते रेस्टॉरंटमध्ये जाऊन थाळीवरच खावं.

तासन् तास शिजणारे पदार्थही रेस्टॉरंटमध्येच. चिंचेच्या आंबट पाण्यातलं सिनिगांग, शेंगदाण्याच्या दाट रश्शातलं कारे-कारे. तिथे मेनूकार्ड शोधू नका. काचेमागे गरम ट्रे मांडलेले असतात, बोट दाखवायचं, भातावर वाढून देतात.

आता मुख्य गोष्ट. तिथे लाइंग मिळतं. फिलिपिन्सच्या बिकोल भागातलं हे अळू! पानं उन्हात कडक वाळवतात, मग नारळाच्या दुधात आलं, लसूण आणि भरपूर मिरची घालून मंद आचेवर ठेवतात. पानं पूर्ण मऊ होईपर्यंत चमचा घालायचा नाही, ढवळलं तर घसा खवखवतो असं त्यांच्याकडच्या बायका सांगतात. आपण त्याच खाजेसाठी चिंच नाहीतर आमसूल घालतो. शेवटी दूध आटून तेल सुटतं आणि पानं काळपट, जाड, जवळजवळ मांसल होतात. रत्नागिरीत वाढलेल्या बाईला परदेशात अळू असं वेगळ्या रूपात भेटावं, याचा मला फार आनंद झाला. पहिल्यांदा खाल्लं त्या दिवशी मी दुसरं काही घेतलंच नाही.

शुक्रवारी गेलात तर मुगाचं कालवण असतं. कॅथलिक लोक, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी मांस टाळतात, म्हणून त्या दिवशी मूग करायची पद्धत पडली. त्यात लसूण, टोमॅटो आणि बहुतेकदा शेवग्याचा पाला.

माई

---

प्रेषक: जोशीकाका

माई, नमस्कार. वाचूनच भूक लागली. पण आम्ही शाकाहारी माणसं, म्हणून स्पष्ट विचारतो: लाइंग आणि मूग आम्हाला चालतील का?

---

प्रेषक: माई

काका, विचारलंत ते बरं केलंत. ट्रेमधलं तसंच घेतलंत तर नाही चालणार. भाजी दिसली तरी आत बागूंग असतो, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, नाहीतर पातिस, म्हणजे मासळीचं खारं पाणी. मुगातही सुकी मासळी किंवा डुकराचे तुकडे पडतात. त्यांच्या लेखी ती मिठासारखी चव आहे, म्हणून नुसतं "व्हेजिटेरियन आहे का" विचारलं की कधी कधी "हो" असं उत्तर येतं. बागूंग आणि पातिस ही नावं घेऊन विचारा. आणि लुंपिया कशाबरोबर तळतात तेही विचारा.

माई

---

प्रेषक: सोनल

माई, काका,

काल रेस्टॉरंटमध्ये जाऊन बोलून आले. मालकीणबाई स्वतः बिकोलच्या आहेत. माईंनी अळवाबद्दल लिहिलंय असं सांगितलं, तर त्या काउंटरमागून बाहेर आल्या आणि आपल्याकडे पानांत काय घालतात ते विचारत बसल्या. बागूंगशिवाय लाइंग वेगळ्या भांड्यात करून द्यायला तयार आहेत, फक्त आदल्या दिवशी कळवायचं. मूगही तसेच, नुसते शेवग्याच्या पाल्याचे. तोंड गोड करायला तुरोन सुचवलं: केळं आणि फणस पातळ पारीत गुंडाळून, साखरेत घोळवून तळलेलं. ते वेगळ्या कढईत तळतील.

मांसाहारींसाठी चिकन आडोबो ठरवतेय, डुकराचं सिसिग वेगळ्या टेबलावर. शाकाहारी किती, गुरुवारपर्यंत इथेच कळवा. माई, तुमच्या घरची आमसुलं थोडी आणाल का? मालकीणबाईंना द्यायची आहेत, त्यांना बघायची आहेत.

सोनल