मदत हवी आहे: 'रोमान्सिंग द स्टोन'सारखं अजून काय बघू?

काल 'रोमान्सिंग द स्टोन' (१९८४) कित्येक वर्षांनी पुन्हा पाहिला. प्रेमकथा लिहिणारी घरकोंबडी जोन थेट कोलंबियाच्या जंगलात जाते, चिखलातून घसरत खाली येते, आणि मायकल डग्लस कोयत्याने तिच्या बुटांच्या उंच टाचाच छाटून टाकतो! एकटाच खो खो हसत होतो. पटकथा लिहिणारी डायन थॉमस तेव्हा वेट्रेस होती म्हणे, कमाल आहे.

पुढचा भाग, 'द ज्युएल ऑफ द नाइल' (१९८५), मला तरी पाणचट वाटला. 'द प्रिन्सेस ब्राइड' तोंडपाठ आहे. इंडियाना जोन्स नको, त्यात प्रेम तोंडी लावण्यापुरतं.

ऐंशीच्या दशकातलं असंच हलकंफुलकं, जोडी सतत भांडणारी, अजून काही सुचवाल का? बायकोलाही सोबत बसवायचंय, तेव्हा मारामारी बेताचीच हवी.