प्रत्यारोपित हृदयाची वार्षिक तपासणी : सीटी अँजिओ इथेच करावी की मुंबईला जावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. दादाचं हृदय प्रत्यारोपण 2021 मध्ये मुंबईत झालं. तब्येत उत्तम आहे, रोज पहाटे पोह्यांच्या गाडीपर्यंत चालून येतो. (खात नाही, वहिनी सोबत असते.) गेल्या अँजिओच्या (रक्तवाहिनीतून तार घालून करतात ती तपासणी) रिपोर्टवर मात्र "सीएव्ही 1" असं आलं, म्हणजे नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत सौम्य आजार.

यंदा मुंबईचे डॉक्टर अँजिओसोबत आयव्हसही (रक्तवाहिनीच्या आतून सोनोग्राफी) करू म्हणतात. इथले डॉक्टर म्हणतात, क्रिएटिनिन 1.7 आहे, म्हणजे किडनी थोडी कमजोर, कशाला तार घालताय, सीटी अँजिओ (तार न घालता, स्कॅनवर) इथेच होईल. घरात दोन तट पडलेत.

मला समजलंय ते असं. प्रत्यारोपणात हृदयाच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या जातात, त्यामुळे ब्लॉकेज झालं तरी छातीत कळ येईलच असं नाही. म्हणून त्रास नसतानाही तपासत राहायचं. शिवाय हा आजार एका जागी गाठ धरत नाही, नळात क्षार बसावा तसा लांबवर सारखा थर चढतो. अँजिओत दिसते ती फक्त आतली पोकळी. शेजारचा भागही तितकाच अरुंद झालेला असला तर तुलना कशाशी करणार? आयव्हसमध्ये तारेच्या टोकावरची सोनोग्राफी भिंतीची जाडी मोजते. पहिल्या वर्षात ती 0.5 मिमी किंवा जास्त वाढली तर लक्षण वाईट, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमच्याकडे पहिल्या वर्षी आयव्हस झालंच नाही, त्यामुळे तुलनेला आकडा नाही.

सीटीबद्दल माझी शंका दादाच्या नाडीची. बसल्या जागी 96 असते. एवढ्या वेगात चित्र हलत नाही का? आणि डाय (रक्तवाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून टोचतात तो, किडनीला जड) तर सीटीतही लागतोच, मग किडनी वाचली कुठे? कोणी दोन्ही करून घेतलंय का?

प्रतिसाद 1, वडोदेकर :
आमच्या मावशीचं सीटी झालंय. नाडी खाली आणायला आधी गोळी देतात. इथे सांभाळा! डिल्टियाझेम देणार असतील तर मुंबईच्या टीमला आधी कळवा, त्याने टॅक्रोलिमसची (शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून देतात ते औषध) रक्तातली लेव्हल वर जाते. बीटा ब्लॉकरचं तसं नाही, पण तोही परस्पर नको. सीटी स्वच्छ आलं तर मोठ्या वाहिन्यांबद्दल बराच दिलासा मिळतो. बारीक फांद्या मात्र त्यात नीट दिसत नाहीत, आणि हा आजार तिथेही असतो. डायबद्दल तुमचं बरोबर आहे, नेफ्रॉलॉजिस्टला विचारूनच ठरवा.

प्रतिसाद 2, रामबागची :
डाय नकोच असेल तर डोब्युटामाइन स्ट्रेस इको (औषधाने हृदयाचा वेग वाढवून केलेली सोनोग्राफी) आहे, पण सुरुवातीचा आजार त्यात निसटू शकतो. पेट स्कॅनमध्ये रक्तप्रवाह मोजतात, बारीक वाहिन्यांचाही अंदाज येतो. अडचण सोयीची आहे : त्यासाठी टोचतात त्या किरणोत्सारी अमोनियाचा अर्धायुकाल सुमारे 10 मिनिटांचा, म्हणून तो बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळच लागतं. डॉक्टरांना एकच विचारा, "आयव्हसमध्ये थर जाड दिसला तर औषध बदलणार का?" एव्हरोलिमसवर (हा थर वाढण्याचा वेग कमी करू शकणारं औषध) न्यायचा विचार असेल तर मुंबईची खेप सार्थकी लागेल. काहीच बदलणार नसेल तर तार घालून काय करायचं?

धागाकर्ता :
डिल्टियाझेमचं इथे कोणी बोललंच नव्हतं, फार आभार. एव्हरोलिमसचं उद्याच फोनवर विचारतो, तोवर मुंबईच्या अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट राहू देतो. आणखी एक : आयव्हसचं कॅथेटर एकदाच वापरायचं, त्याचं बिल वेगळं येणार म्हणतात. मेडिक्लेममधून ते कोणाला मिळालंय का? आधी मंजुरी घ्यावी लागते का?