मदत हवी आहे : जोबिम यांच्या शेवटच्या अल्बममधलं गाणं तबल्यावर कसं बसवावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघी मैत्रिणी गातो, साथीला एक गिटार आणि तबला. येत्या बैठकीसाठी 'पियानो ना मांगेइरा' घेतलंय, पण ठेक्यापाशी गाडं अडलंय.

गाणं ब्राझीलचे संगीतकार आंतोनियो कार्लोस (टॉम) जोबिम यांच्या 'आंतोनियो ब्राझिलेइरो' या अल्बममधलं, शब्द शिको बुआर्क यांचे. मांगेइरा हे रिओतलं जुनं सांबा मंडळ (सांबा म्हणजे ब्राझीलचं ढोलांच्या ठेक्यावरचं नाचगाणं). १९९२च्या कार्निवलला त्यांनी जोबिमनाच विषय केलं होतं. डिसेंबर १९९४मध्ये जोबिम गेले, वय ६७. अल्बम त्याच सुमारास आला आणि १९९६मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं.

बोसा नोव्हा, म्हणजे सांबातूनच निघालेली जोबिम यांची हळुवार शैली, म्हटलं की सगळे १९६४च्या 'गेट्झ/जिल्बर्टो' या अल्बमकडे बोट दाखवतात. तो सुंदरच आहे, पण माझा जीव जोबिम यांच्या या म्हातारपणच्या अल्बमात जास्त रमतो. आवाज जाडसर झालेला, शब्द बोलता बोलता गायल्यासारखे. आणि वाद्यवृंदात घरचीच माणसं! बायकांच्या समूहस्वरात पत्नी आना आणि मुलगी एलिझाबेत, गिटारवर मुलगा पाउलो. चेलो जाक मोरेलेनबाउम यांचा, बासरी दानिलो काइमी यांची. त्या समूहस्वरासाठीच तर आम्हाला हे गायचंय.

अडचण अशी, की केरवा धरला की त्याचं भावगीत होतं. मात्रा मोजून गावं तर गाणं ताठरतं, सैल सोडावं तर चौघी चार ठिकाणी. वजन नेमकं कुठे द्यायचं? की तबला काढूनच टाकावा?

प्रतिसाद

ताई, तबला काढू नका, फक्त वजन हलवा. सांबा दोन मात्रांचा. त्यातला सुर्दो नावाचा मोठा ढोल दुसऱ्या मात्रेवर घुमतो, पहिलीवर दबलेला असतो. आपल्याला समेवर जोर द्यायची सवय, तिथेच घोटाळा होतो. तबलजींना डग्गा पहिल्या मात्रेवर बंद आणि दुसऱ्या मात्रेवर मोकळा वाजवायला सांगा. उजव्या हाताने चाटीवर (तबल्याच्या काठावर) मात्रेत चार हलके ठोके, बस्स. गिटारचा अंगठा दोन्ही मात्रांवर सरळ चालू दे. बाकीची बोटं मधल्या फटीत पडतात आणि तुमचे शब्द त्या बोटांबरोबर जातात. आधी चौघींनी पायाने दोन मात्रा धरून शब्द नुसते बोलून बघा, सूर नंतर लावा.

त्याच अल्बममधलं 'सॉ दांसो सांबा' आधी घेतलंत तर सोपं जाईल. सुरावट छोटी, तीच तीच ओळ परत येते.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार, दादा! डग्ग्याचं आज संध्याकाळीच करून बघते. एक राहिलं : शेवटाला तिहाई घेतलेली चालेल का?

प्रतिसाद

नको. तिहाई आली की सगळा भार पुन्हा समेवर. शेवटची ओळ दोन-तीनदा म्हणत आवाज कमी करत न्या, तबल्याने आधी थांबावं, गिटारने शेवटी.