मांगाचे हौशी भाषांतरकार: हौस गेली आणि घाई उरली?

तापीकाठचा (भुसावळ)

परवा भाचा आला होता, दहावीतला. पलंगावर आडवा पडून फोनवर मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचत होता आणि अंगठा असा सरकत होता की मला चित्रंसुद्धा धड दिसेनात. विचारलं, भाषांतर कोणी केलंय रे? म्हणाला, "म्हणजे? साईटवर असतंच ना मामा."

त्या "असतंच ना"पायी हा धागा काढतोय.

२००८-०९ साली आमच्याकडे ज्या प्लॅनचं ब्रॉडबँड होतं, त्यात रात्री दोन ते सकाळी आठ डेटा फुकट असायचा. अलार्म लावून उठायचं, आयआरसीच्या (जुन्या पद्धतीच्या चॅटच्या) चॅनेलवर जायचं, बॉटला, म्हणजे फाइली वाटणाऱ्या प्रोग्रामला, फाइलचा आकडा पाठवायचा आणि एका भागाची झिप उतरायची वाट बघत बसायचं. मे महिन्यात गच्चीत झोपलेली माणसं खाली यायच्या आत काम उरकायचं. लाइट गेली की बोंबला. प्रत्येक झिपमध्ये शेवटचं एक पान गटाचं असे: मासिक विकत घेऊन स्कॅन कोणी केलं, साफसफाई कोणी, भाषांतर कोणी, अक्षरं कोणी बसवली, तपासलं कोणी. टोपणनावंच, पण नावं होती. खाली एक ओळ: हे चाहत्यांनी चाहत्यांसाठी केलंय, विकू नका.

मी दीड वर्ष अशाच एका गटात क्लीनर होतो. जपानी साप्ताहिकांचा कागद हलका, स्कॅन केलं की मागच्या पानाची शाई पुढे उमटते. ती घालवायची, पण चित्रातली बारीक रेघ जाऊ द्यायची नाही. दोन पानांवर पसरलेलं चित्र शिवणीत तुटतं, ते जोडायचं. चित्रावर लिहिलेला आवाज पुसला की खालचं चित्र हाताने पुन्हा काढायचं. एका पानाला कधी कधी अख्खी रात्र जायची. आणि इंग्रजीत अधिकृत पुस्तक जाहीर झालं की काम थांबवून फाइली काढून टाकायच्या, हा बहुतेक गटांचा नेम होता.

आता? छापील अंक दुकानात पोचायच्या आधी फुटलेली पानं, दोन तासांत कसंबसं इंग्रजी, आणि तेही तिसराच उचलून स्वतःच्या जाहिरातींखाली लावतो. गटाचं पान पहिलं कापलं जातं. चोरी तेव्हाही होती, मान्य. पण चोराला आपलं नाव लिहायची लाज वाटत नव्हती आणि कुठे थांबायचं ते कळत होतं. बोला.

शाई_सांडली (जळगाव)

भाऊ, लिहिलंय छान, पण पटलं नाही. मी पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढून पोट भरते, त्यामुळे राग येणारच.

तुमचा तो नेम ठरवला कोणी? शेतातली केळी "अजून व्यापारी आला नाही तोवर" तोडून वाटली, तर शेतकरी तुम्हाला नेमाचा माणूस म्हणेल का? भाषांतराचा हक्क लेखकाचा असतो, आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही तसंच आहे. साप्ताहिकात काढणारा माणूस दर आठवड्याला अठरा-वीस पानं देतो आणि त्याची खरी कमाई होते ती पुढे पुस्तकं विकली गेली तर. त्याच्या रात्री कोण मोजणार? तुमच्या एका रात्रीचं मात्र एवढं कौतुक.

आणि मोठ्या चोरांना रस्ता तुमच्या नेमाच्या गटांनीच करून दिला. २०१० साली जपानच्या ३६ प्रकाशकांनी अमेरिकेतल्या प्रकाशकांना सोबत घेऊन अशा साईटींविरुद्ध मोर्चा उघडला आणि वनमांगासारखी अफाट गर्दीची साईट जुलैमध्ये बंद व्हायची वेळ आली. तिथला माल कोणाचा होता? तुम्हीच साफ केलेला.

तापीकाठचा (भुसावळ)

ताई, केळीचं बोललात तिथे गप्प बसतो. पण वनमांगावर आम्ही एक पानही चढवलं नव्हतं. आमच्या झिप न विचारता उचलल्या जायच्या, गटातले लोक रडकुंडीला यायचे. म्हणून तर पुढे बाटोटो ही साईट आली तेव्हा बरं वाटलं. तिथे गटाचं नाव जपायचे, किती दिवसांनी टाकायचं ते गट ठरवायचे. २०१८च्या जानेवारीत तीही गेली.

शाई_सांडली (जळगाव)

चोरीचा माल चोरीला गेला म्हणून रडकुंडीला. बरं.

जिओनंतरचा (धुळे)

काका, मी तुमच्या भाच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा, म्हणून त्याची बाजू घेतो. तुमच्या सोन्याच्या काळात धुळ्यातलं साधं पोरगं आत येऊ शकत होतं का? आयआरसी यायला हवं, घरी कॉम्प्युटर हवा, इंग्रजी फाडफाड हवं. आणि ते फोटोशॉप काय तुम्ही विकत घेतलेलं? 😄

दुसरं म्हणजे, हौस मेली म्हणून गट मेले असं नाही, मोठ्या मालिकांपुरती त्यांची गरज संपली. २०१९च्या जानेवारीत शुएशा या जपानी प्रकाशकानं मांगा प्लस हे अधिकृत ॲप काढलं. जपानमध्ये सोमवारचा अंक लागतो त्याच क्षणी आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला नवा भाग इंग्रजीत, फुकट. पहिले तीन आणि ताजे तीन भाग वाचता येतात. शेवभाजी ताटात येईपर्यंत वाचून होतो. मग शुक्रवारी फुटलेली पानं वाचणाऱ्याला फक्त दोन दिवसांची खाज असते, त्याला मी पण नावं ठेवतो.

पण सगळंच तिथे नाही ना भो. शेतीवरचं, म्हाताऱ्या माणसांवरचं, दहा वर्षांपूर्वी थांबलेलं, हे कोण इंग्रजीत आणणार? ते अजूनही दोन-तीन जणांचे गट संथपणे करतात. मांगाडेक्स या साईटवर नावासकट असायचं. २०२५च्या मेमध्ये प्रकाशकांच्या नोटिशीवरून तिथून सातशेच्या वर मालिका निघाल्या, त्यातल्या कितीतरी अर्धवट राहिल्या.

पगारी_क्लीनर (शिरपूर)

मी घाईवाल्यांपैकी आहे, मला पण शिव्या घाला.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दोन गटांसाठी कोरियन वेबटून साफ करतो आणि त्याचे पैसे मिळतात, भागामागे ठरलेले, परदेशातून. खोलीचं भाडं सुटत नाही, मेसचं सुटतं. वेबटून रंगीत, फोनसाठी उभं काढलेलं, शिवण नाही, मागची शाई नाही. काकांनी जिथे रात्र घातली तिथे मला तास पुरतो. पुढचे भाग आधी वाचायचे असतील तर वाचक पैसे भरतो, त्यातून आमचे निघतात. आयआरसी नाही, सगळं डिस्कॉर्डवर. उशीर केला की दुसऱ्याला काम.

हौस असणं चांगलं, पण फुकट राबणाऱ्यालाच इमानदार म्हणायचं हे मला पटत नाही.

शाई_सांडली (जळगाव)

@पगारी_क्लीनर, निदान स्वच्छ बोललास. पण ज्याने काढलं त्याच्या वाट्याला यातलं काय जातं? शून्य. आधी फुकट वाटायचे, आता विकता. मांगामुरा ही चोरट्या मांगाची साईट चालवणाऱ्याला जपानमध्ये तुरुंग झालाच, वर २०२४च्या एप्रिलमध्ये टोकियोच्या कोर्टानं तीन प्रकाशकांना सुमारे १७० कोटी येन द्यायला लावले. तू तेवढा मोठा नाहीस, पण उतार तोच आहे. सांभाळ.

पगारी_क्लीनर (शिरपूर)

ताई, ते डोक्यात असतं. खोटं नाही सांगत. आणि हे काम जास्त दिवस राहणारही नाही. गटातला भाषांतरकार दोन महिन्यांपूर्वी काढला, आता मशीनचं इंग्रजी येतं आणि एक जण ते नीट करतो. कोरियनमध्ये कर्ता गाळतात, मशीन अंदाजानं "तो" घालतं. मागच्या भागात आजीचा आजोबा झाला होता. कमेंटमध्ये एकालाही कळलं नाही.

खापर (अमळनेर)

तुम्ही सगळे इंग्रजीबद्दलच भांडताय, म्हणून तोंड घालते. मी जपानी शिकतेय आणि घरच्या घरी मांगाची पानं मराठीत, थोडी अहिराणीतही करते. कुठेही टाकत नाही, शाईताई, घाबरू नका. वहीत आहेत.

करताना कळलं की इंग्रजी मधे असलं की काय काय गळतं. जपानी पात्र समोरच्याला कसं हाक मारतं त्यावर नातं कळतं. इंग्रजीत सगळे "यू". मराठीत तू, तुम्ही, अहो, अगं, सगळं तयार आहे. उलट अडचणही आहे. एक पात्र मुलगा की मुलगी हे मुद्दाम झाकलेलं असेल तर जपानीत खपतं, इंग्रजीतही खपतं. मराठीत "मी आलो" की "मी आले" हे पहिल्याच संवादाच्या फुग्यात ठरवावं लागतं, सगळं बिंग फुटतं. तीन दिवस अडून होते. शेवटी त्याला आदरार्थी "आम्ही आलो" म्हणायला लावलं, आता तो जहागीरदार वाटतो.

फुगे तर जीव खातात. जपानी मजकूर वरून खाली, म्हणून फुगा उंच आणि अरुंद. त्यात "समजावल्याशिवाय" कुठे तोडू? वरची वेलांटी फुग्याबाहेर जाते. अहिराणी मात्र बसते. खलनायक विचारतो, "तुन्ही बहीण कोठे शे?" चार छोटे शब्द, चार ओळी, आणि ऐकायला जास्त भयंकर.

जिओनंतरचा (धुळे)

"तुन्ही बहीण कोठे शे" 😂😂 आमच्या गल्लीत हे ऐकून कोणी घाबरणार नाही, पत्ता सांगतील. ताई, टाका ना कुठेतरी.

शाई_सांडली (जळगाव)

नका टाकू. प्रकाशकाला लिहा, नमुना म्हणून दोन पानं जोडा. इंग्रजीवर सुरू झालेल्या मांगा प्लसवर पुढे स्पॅनिश, थाई, इंडोनेशियन, व्हिएतनामी आल्याच की. उत्तर येणार नाही बहुतेक. तरी लिहा. तुमच्या वहीवर मात्र माझा आक्षेप नाही, माझ्याच मतात भोक पडलं हे कबूल.

तापीकाठचा (भुसावळ)

धागा मी काढला आणि भलतीकडेच गेला, पण जाऊ द्या. खापरताई, एक विचारतो. आमच्या गटात सगळ्यात जास्त भांडण व्हायचं ते "शीन"वर. कोणीच काही बोलत नाही तेव्हा जपानी चित्रकार चौकटीत मोठ्या अक्षरात "शीन" लिहितो, शांततेचा आवाज. इंग्रजीत आम्ही "सायलेन्स" लिहून मोकळे व्हायचो आणि मला ते कायम खटकायचं. तुम्ही काय लिहिता?

खापर (अमळनेर)

आधी "किर्र" लिहिलं होतं. पण किर्रमध्ये रातकिडे आहेत. आता "सामसूम" लिहिते, अक्षरं लांब लांब करून.

तापीकाठचा (भुसावळ)

सा... म... सू... म. बसतंय. ते पान साफ करून हवं असेल तर सांगा, फुकट.

पगारी_क्लीनर (शिरपूर)

काका, तुमचा हात सुटला असेल आता. मी करतो. मला पण फुकट.